विश्रामबागेतला समुद्र

सांगलीला समुद्र नाही, ही गोष्ट सगळ्या सांगलीनं पिढ्यान् पिढ्या मुकाट्यानं मान्य केलेली आहे. कृष्णा आहे, तिचा घाट आहे, एखाद्या पावसाळ्यात तर कृष्णाच घरापर्यंत येते. एवढं पाणी एका गावाला पुरे, असंच कुणीही शहाणा सांगलीकर म्हणेल. माझ्या मामेसासऱ्यांनी तसं म्हटलं नाही. त्यांनी विश्रामबागेतल्या आपल्या बंगल्याच्या परसात समुद्र आणला. खरा, खारट, मासे असलेला समुद्र. आणि हे करणारा माणूस इतका कडक जैन, की त्यांच्या उंबऱ्याच्या आत काय आहे हे सांगलीतल्या एकाही कांद्याबटाट्याला आजवर कळलेलं नाही.

हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. जन्मभर हळदीचा व्यापार केला. इतक्या हळव्या मनाचा माणूस व्यापारात टिकला कसा, हे कोडं मला सुटलेलं नाही. हळदीच्या सौद्यात एके काळी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. ती रीत केव्हाच मागं पडली, पण मामांच्या हातातून गेली नाही. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ते समोरच्याचा हात आपल्या उपरण्याखाली ओढून घेत आणि बोटं चाचपत. माझ्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी असाच माझा हात धरला, दोन बोटं दाबली आणि समाधानानं मान हलवली. आपला भाव नेमका काय ठरला, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. दुकानाच्या पाटीमागं मधमाश्यांनी पोळं केलं, तेव्हा मामांनी पोळं हलवू दिलं नाही. दुकानाचं दारच दुसऱ्या बाजूनं पाडलं. गिऱ्हाइकांना वर्षभर गल्लीला वळसा घालून यावं लागे, आणि मामा प्रत्येकाची माफी मागत. माश्यांच्या वतीनं.

पाण्याच्या बाबतीत तर त्यांच्यापुढं कुणाचं काही चालत नसे. पाणी गाळूनच प्यायचं, आणि गाळताना फडक्यावर जे बारीक जीव अडकले असतील ते ज्या पाण्यातले त्या पाण्यात परत सोडायचे. याला ते जिवाणी म्हणतात. धर्मात सांगितलेली ही गोष्ट पाळणारे पुष्कळ आहेत, पण मामांसारखी पाळणारा मी दुसरा पाहिला नाही. मी साताऱ्याला राहतो, तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मामा पहिल्यांदा आमच्याकडं राहायला आले तेव्हा त्यांनी सकाळी नळाचं पाणी गाळलं, फडकं हातात घेतलं आणि मला विचारलं, "पावणं, हे पाणी येतंय कुठनं?"

"कासच्या तलावातून," मी सांगितलं.

"मग चला."

सकाळचे तास बुडवून मी त्यांना स्कूटरवरून यवतेश्वरचा घाट चढवून कासला नेलं. वाटेत फडकं वाळू नये म्हणून ते तांब्यात बुडवून त्यांनी छातीशी धरलं होतं. तलावाच्या काठाशी वाकून त्यांनी ते हळुवार खळबळलं, हात जोडले आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "घरी पोचली बघा बिचारी." त्या चेहऱ्याकडं बघून मला रागावता आलं नाही. फक्त ते आमच्याकडं चार दिवस राहणार आहेत, ही आठवण तेवढी झाली.

पोहण्याचा हौद त्यांच्या परसात आला तो मामींमुळं. मामींचे गुडघे धरले. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं. दुसऱ्या कुणी बायकोला एखाद्या तरणतलावावर नेलं असतं. मामांनी परसातली चिकूची बाग सोडून उरलेल्या सगळ्या जागेत निळ्या फरशीचा हौद बांधला. मामी रोज सकाळी पंजाबी ड्रेस घालून, कुणी बघत तर नाही ना याची खात्री करून, गळ्याएवढ्या पाण्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. पुढं त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, त्या जमिनीवर खुशाल चालायला लागल्या आणि हौद रिकामा पडला. त्यात चिकूची पानं साचली. मामांनी तो बुजवायला माणूससुद्धा बोलावून ठेवला होता. तेवढ्यात नात्यातलं रत्नागिरीचं एक लग्न निघालं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना समुद्र बघायचा होता. मी त्यांना घेऊन निघालो आणि वाट चुकून नेमका मासळीच्या जेटीवर पोचलो. होड्या नुकत्याच लागल्या होत्या. मी गाडी मागं घ्यायच्या आत मामा उतरले. नाकाला उपरणं लावून ते त्या गर्दीतून चालत गेले आणि एका टोपलीपाशी थांबले. टोपलीत एक तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा, भल्यामोठ्या तोंडाचा मासा पडला होता. तिथले लोक त्याला हेकरू म्हणतात. तो अजून जिवंत होता. तोंड उघडत होता, मिटत होता, उघडत होता. मामा त्याच्यासमोर उकिडवे बसले. मी हाक मारली तरी उठले नाहीत. बऱ्याच वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाले, "आवं पावणं, शेळी वरडती. कोंबडी फडफडती. ह्याला आवाजच न्हाई वो. ह्यो एवढं बोलाय लागलाय, आनि कुणाला ऐकूच जाईना."

होडीचा मालक तिथंच जाळं उपसत होता. साठीचा, पांढऱ्या दाढीचा, डोक्यावर विणलेली गोल टोपी घातलेला नाखवा. मामांनी काही एक न बोलता त्याचा हात उपरण्याखाली ओढला आणि बोटं दाबायला लागले. नाखवा दचकून दोन पावलं मागं सरला. "शेठ, आधी हात सोडा! काय पाहिजे ते तोंडानं सांगा!"

"हा मासा पायजे. जित्ता."

"कापून देतो की."

"न्हाई न्हाई! परत पाण्यात सोडायचाय."

नाखव्यानं त्यांच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. थट्टा चाललेली नाही हे त्याला कळलं असावं. मासा त्यानं आधी पाण्याच्या टपात टाकला आणि मग शांतपणे म्हणाला, "सोडा. तुमचं पुण्य तुम्हाला. पण शेठ, तुम्ही इथं सोडलात तर संध्याकाळी परत माझ्याच गळाला लागेल. मी नाही तर माझ्या भावाच्या. समुद्रात त्याला सांभाळणारं कोण आहे?"

नाखवा सहज बोलून गेला. मामांच्या डोक्यातून मात्र ते परतीच्या वाटेवर आंबा घाट संपला तरी गेलं नाही. मलकापूर मागं पडलं तेव्हा म्हणाले, "म्हाताऱ्या जनावरांसाठी आपण पांजरपोळ चालवतो. माशांसाठी का असू नये?" मी काही उत्तर द्यायच्या आत त्यांनी पुढचं विचारलं, "पावणं, तुमी कॉलेजात मिठाचंच शिकवता न्हवं?"

अशा रीतीनं मी समुद्राचा तज्ज्ञ झालो. पुढचे कित्येक रविवार मी साताऱ्याहून सांगलीला जात होतो. त्या दिवशी टपातच मागं राहिलेल्या हेकरूला नाखव्यानं मामांच्या सांगण्यावरून खाडीतल्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून घेतलं होतं, आणि "शेठ, तयारी झाली का?" म्हणून त्याचे फोन येत होते. हौदातल्या औषधाचा अंश जावा म्हणून तो पुन्हा पुन्हा धुतला. द्राक्षबागेवर टाकतात तसली हिरवी जाळी वरून ताणली. हवा सोडणारे पंप बसवले. एका बाजूची भिंत फोडून तिथं जाड काच लावली आणि काचेसमोर खड्डा खणून पायऱ्या केल्या, म्हणजे मामींना खुर्चीत बसून माशांच्या पातळीवरून बघता येईल. मी बाजारात मिळणाऱ्या मिठापासून समुद्राचं पाणी करता येतं म्हणून सांगून बघितलं. मामांना ते पटलं नाही. "ज्याला घरातनं उचलून आनायचं, त्याला निदान घरचं पानी तरी द्या," ते म्हणाले. मग दुधाचा एक जुना टँकर ठरला, आणि दर खेपेला टँकर भरायच्या आधी किनाऱ्यावर उभं राहून धोतराच्या चौपदरी फडक्यातून समुद्र गाळला गेला. फडक्यावरची जिवाणी मामा स्वतः गुडघाभर लाटांत जाऊन सोडत होते. लाट येई, मामा पडत, उठत, फडकं डोक्यावर धरून परत येत. मी आजवर इतक्या गंभीरपणे भिजणारा माणूस पाहिलेला नाही.

घाटाच्या वर नाक्यावर पोलिसानं टँकर अडवला. मामा ड्रायव्हरशेजारी बसले होते. आमची गाडी मागंच होती, म्हणून मी उतरून गेलो.

"काय हाय टँकरात?" पोलिसानं विचारलं.

"समुद्र," मामांनी खरं ते सांगितलं.

त्यानं झाकण उघडायला लावलं, बोट बुडवलं, चाटलं आणि थुंकला. "खारट हाय की! दूध कुठाय?"

"दूध न्हाई, सायेब. मासे ठेवायचेत."

"व्यापार करता व्हय माशाचा?"

"छे छे! आमी जैन हाय."

पोलिसानं मामांच्या कपाळावरच्या गंधाकडं बघितलं, टँकरकडं बघितलं, आणि ह्या माणसाला थांबवण्यापेक्षा जाऊ देण्यात कमी त्रास आहे असं ठरवून हातानं पुढं जायची खूण केली. घरचे आम्हीही त्याच निर्णयाला येऊन बसलो होतो.

मासे आले. हेकरू आला, आणि त्याच्या सोबतीला नाखव्यानं खाडीतल्या बोयी दिल्या. चांदीसारखे चकाकणारे, शेवाळ खाणारे हे मासे. "शाकाहारी हाईत न्हवं? नक्की?" हे मामांनी त्याला फोनवर इतक्यांदा विचारलं होतं की शेवटी नाखवा म्हणाला, "शेठ, तुमच्यापेक्षा शाकाहारी." त्यांना मामा शेंगदाण्याची पेंड घालत. पाण्याचा खारेपणा मोजायची काचेची नळी मी आणून दिली होती. ती देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असे. सकाळी पूजा झाली की ती पाण्यात सोडायची, आकडा बघायचा, ऊन जास्त असलं तर गाळलेलं गोडं पाणी घालायचं. कॉलनीतली माणसं बघायला येऊ लागली. काचेसमोर उभी राहिली की मोठमोठ्यानं बोलणारी माणसंही आवाज खाली आणत. मामी तर तिथून हलायच्याच नाहीत. भाजी निवडायची ती काचेसमोर, स्वेटर विणायचा तो काचेसमोर. निळ्या उजेडात त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा दिसे. मी थट्टेनं आलो होतो, पण त्या खड्ड्यात बसलो की मलाही उठावंसं वाटत नसे. सौद्यातल्या आरड्याओरड्यात आयुष्य काढलेले मामा तासन् तास काचेला कपाळ टेकून बसत. हेकरू समोर येऊन थांबे, तोंड उघडे, मिटे. मामा त्याला "बोला" म्हणत.

फक्त आक्का खाली उतरल्या नाहीत. आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा झालेल्या, तेव्हापासून भावाकडं राहिलेल्या, सगळे उपास-तापास काटेकोर करणाऱ्या. मामा साऱ्या जगात कुणाला भीत असतील तर एकट्या आक्कांना. मासे आले त्या दिवशी त्यांनी वरूनच एकदा जाळीतून डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "आरं, जीव वाचवलास म्हन्तोस. वाचवनाऱ्यानं दार उघडं ठेवावं लागतंय. ह्याला दार कुठाय?" मामा हसले. पण त्या रात्री ते नीट झोपले नाहीत, असं मामींनी सांगितलं.

काही महिन्यांनी मामींच्या लक्षात आलं की बोयी कमी दिसतात. आधी वाटलं, दगडांमागं जात असतील. मग एके सकाळी भाजी निवडता निवडता त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं. हेकरू दगडाआडून आला, तोंड उघडलं, आणि एक बोय होती ती नव्हती. पाणी हललंसुद्धा नाही. मामी किंचाळल्या. मामा पूजेची वस्त्रं नेसलेलेच धावत आले.

नाखव्याला फोन लावला तर तो म्हणाला, "शेठ, बोयी शाकाहारी, हे मी सांगितलं. हेकरूचं तुम्ही विचारलं नाही. मला वाटलं, तोंडावरून कळलं असेल."

मी पोचलो तेव्हा मामांनी हौदाच्या मध्ये जाळी मारून हेकरूला एका बाजूला केलं होतं आणि त्याला शाकाहारी करण्याचे प्रयत्न चालू होते. पेंड झाली, भिजवलेलं सोयाबीन झालं, पनीर झालं. मामींनी मुगाच्या डाळीचे लांबट गोळे करून माशासारखे दोऱ्याला बांधून पाण्यात हलवून बघितले. हेकरू जवळ येई, बघे आणि मागं फिरे. आठवडा गेला, दुसरा गेला. त्याची पोटाची बाजू आत गेली. रंग फिका पडला. एरवी काचेशी येणारा तो तळाशी पडून राहू लागला. आणि मामींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्यांनी बी जेवन सोडलंय. एकदाच दूध घेतात."

मी खाली गेलो. मामा काचेसमोर बसले होते. त्यांची गालफडं बसली होती. मी म्हणालो, "मामा, कोळंबी आणून टाकतो मी. तुम्ही बघू नका, तुमच्या माथी पाप नाही."

"दुसऱ्याच्या हातानं केलं की पाप कमी हुतंय व्हय?" ते म्हणाले. रागावून नव्हे, खरंच विचारत होते. "त्याला खायला घालावं तर दुसरा जीव जातोय. घालू नये तर ह्यो जातोय. समुद्रात हुता तवा त्यानं काय खाल्लं ते त्याचं तो जानत हुता. त्यात माझा काय बी संबंध न्हवता. आता त्याची भूकबी माझी आनि त्यानं खाल्लेला घासबी माझा. पावणं, मी ह्याला मरनातनं सोडवला, का माझ्या हातानं मारायला आनला?"

मी मुलांना इतकी वर्षं शिकवतोय. त्या दिवशी मी नुसती रुमालानं काच पुसत राहिलो.

पायऱ्यांवर पावलं वाजली. आक्का उतरत होत्या. भिंतीला धरून, एक एक पायरी चाचपत. पहिल्यांदाच. त्या काचेसमोर आल्या आणि तळाशी पडलेल्या त्या माशाकडं खूप वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता भावाला ऐकवणार. पण त्यांनी मामांच्या डोक्यावर हात ठेवला. "ऊठ," त्या म्हणाल्या. "चार घास खा. उद्या ह्याला त्याच्या घरी सोडून येऊ. मीबी येते."

"आनि तिथं परत गळाला लागला तर, आक्का?"

"ते त्याचं नशीब. तुझ्या हातात जेवढं हाय, तेवढं कर."

दुसऱ्या दिवशी टेम्पोत उरलेल्या बोयी, आणि माझ्या गाडीत मोठ्या पिंपातला हेकरू, मामा, मामी आणि आक्का असे निघालो. पिंपातल्या हवेच्या पंपाला धक्का लागू नये म्हणून मामा मागल्या सीटवर पिंप मांडीत धरल्यासारखे बसले होते. घाटात प्रत्येक वळणाला खारं पाणी हिंदकळून त्यांच्या धोतरावर येई. आक्का खिडकीतून बघत होत्या. ऐंशीच्या घरातल्या त्या बाईनं समुद्र कधी पाहिलेला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. कुणी विचारलंच नव्हतं.

नाखवा वाट बघत होता. बोयी त्यानं खाडीच्या तोंडाशी सोडायला लावल्या. त्या क्षणात दिसेनाशा झाल्या. हेकरूसाठी मात्र त्यानं होडी काढली. "खडकापाशी सोडू, तिथं आम्ही जाळं टाकत नाही, फाटतं," तो म्हणाला. मला ते पुरतं खरं वाटलं नाही. मामांनी विश्वास ठेवला. होडीत मामा, मी आणि तो. खडकाजवळ मामांनी दोन्ही हात पिंपात घातले आणि ज्या माणसानं जन्मात माशाला हात लावला नव्हता, त्यानं तो उचलून पाण्यावर धरला. हेकरू कलंडला. पांढरं पोट वर आलं. मामांचे ओठ हलत होते. णमोकार मंत्र म्हणत असावेत. नाखवाही टोपीला हात लावून उभा होता. मग शेपटी एकदा हलली. पुन्हा हलली. तो सरळ झाला, मामांच्या तळव्यांमध्ये क्षणभर तसाच थांबला, आणि खाली गेला. मामा बराच वेळ हात पाण्यातच ठेवून बसले होते. जगला असेल का? मला माहीत नाही. मामांनीही मला कधी विचारलं नाही.

किनाऱ्यावर परत आलो तेव्हा आक्का लुगडं घोट्यावर उचलून पाण्याच्या कडेला उभ्या होत्या. लाट पायावरून परत गेली की पायाखालची वाळू सरके आणि त्या मामींचा हात घट्ट धरत. मामा जवळ गेले. आक्का त्यांना म्हणाल्या, "केवढा हाय रं! आनि तू ह्याला टँकरात घातलास?" मग त्या हसायला लागल्या. मामाही हसले, आणि हसता हसता रडले. दोघं बहीणभाऊ भिजत तिथंच उभे राहिले. आम्ही कुणी त्यांना बोलावलं नाही.

याला आता काही वर्षं झाली. हौदातलं खारं पाणी मातीत किंवा कृष्णेत सोडलं असतं तर त्यातही जीव मरतील, म्हणून मामांनी तेही टँकरनं परत पाठवलं. आक्का गेल्या वर्षी गेल्या. शांतपणे, ठरवून, सल्लेखनेचं व्रत घेऊन अन्नपाणी कमी करत. मामा त्यानंतर एकदम म्हातारे झाले. बोलतात कमी. पण दोन-तीन महिन्यांनी त्यांचा फोन येतो, "पावणं, सवड हाय का?" आणि मी साताऱ्याहून येऊन त्यांना रत्नागिरीला नेतो.

मासळी उतरायच्या वेळेला आम्ही जात नाही. दुपार कलल्यावर जेटीच्या टोकाला, होड्या बांधलेल्या असतात तिथं मामा बसतात. सूर्य मावळायच्या आत घरून आणलेल्या डब्यातल्या लाह्या खातात. नाखवा आला तर शेजारी बसतो. दोघं एकमेकांच्या घरची चौकशी करतात. नाखव्याच्या नातीचं लग्न, मामींचा रक्तदाब. मासे हा विषय दोघंही काढत नाहीत. मागल्या खेपेला उशीर व्हायला लागला, घाटात धुकं उतरायच्या आत निघायला हवं होतं. मी म्हणालो, "मामा, चलायचं ना?"

"थांबा वो जरा," ते म्हणाले. "भरती येऊ द्या."

भरतीला अजून पुष्कळ वेळ होता. मी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि त्यांच्याशेजारी बसलो.